दुबईतला रोड टच फ्लॅट

माझ्या काकांचा दुबईत फ्लॅट आहे. हे मी कॉलेजात आजपर्यंत एकाही पोरीला सांगितलेलं नाही, आणि माझ्या चुलत बहिणीनं ते पहिल्याच दिवशी, बाकावर दप्तर ठेवायच्या आधी सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं. मी तिच्या शेजारीच उभी होते. एकीनं मला विचारलं, "तुमचा पण का गं?" मी म्हणाले, "नाही, आमची विहीर आहे." सगळ्या हसल्या. मला तर विनोद करायचाच नव्हता.

आधी विहिरीचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचं गाव आळेफाट्यावरून बेल्ह्याला जाताना लागतं. मी पाच वर्षांची असताना आजोबांनी आण्णांची म्हणजे माझ्या वडलांची आणि काकांची वाटणी केली. आमच्याकडं वाटणीच्या चिठ्ठ्या लहान पोरानं उचलायच्या असतात, कारण लहान पोराच्या मनात काही नसतं म्हणे. तांब्यात दोन चिठ्ठ्या टाकल्या, एक रस्त्याकडच्या रानाची, एक विहिरीकडच्या. आजोबांनी मला मांडीवरून उतरवलं आणि म्हणाले, काकाची काढ. मी हात घातला आणि काढली. रस्ता.

त्या वेळी सगळ्यांनी माझे लाड केले. रस्त्याकडचं रान म्हणजे नुसता मुरूम, कुसळाशिवाय काही यायचं नाही. विहीर आम्हाला आली होती. काकी दोन दिवस जेवली नाही असं आई अजून सांगते, आणि सांगताना तिला बरं वाटतं.

पुढं मी चौथी-पाचवीत असताना रस्ता रुंद झाला. फाट्यावर हॉटेलं आली, गॅरेजं आली, आणि त्या मुरमाच्या रानाला असा भाव आला की पुण्याची माणसं गाडी थांबवून विचारायला लागली. तेव्हापासून आमच्याकडं एकच शब्द, रोड टच. जमीन कशी आहे, पाणी किती, माती काळी का तांबडी, कुणी विचारायचंच नाही. रोड टच आहे का, एवढंच. आई माझ्या वेण्या घालता घालता म्हणायची, "ह्याच हातानं दिलीस ना गं त्यांना," आणि फणी जरा जास्तच ओढायची.

म्हणजे जळायला मी तिथूनच शिकले असं म्हटलं तरी चालेल. त्यांचा रंगीत टीव्ही आधी आला. त्यांच्या मोरीला फरशी आधी बसली. चुलत बहीण माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी लहान, पण तिला सायकल सहावीत आणि मला आठवीत, ती पण तिचीच जुनी. एकच गोष्ट माझी होती, इंग्रजी. ती दहावीला इंग्रजीत गचकता गचकता कशीबशी पस्तिसावर सुटली, आणि मी शाळेत पहिली. काकांकडं खताच्या पोत्यावरच्या सूचनेपासून बँकेच्या पत्रापर्यंत काहीही इंग्रजी आलं की ते आमच्या ओट्यावर यायचे. "वाच गं पोरी, काय म्हंतोय त्यो." मी वाचायचे, चुलत बहीण दारात उभी राहून ऐकायची. तेवढा वेळ मी तिच्यापेक्षा मोठी असायचे.

काका बैलांचे व्यापारी. बेल्ह्याच्या बाजारात त्यांना सगळे ओळखतात, बैलाच्या दातावरून वय सांगायचं तर लोक त्यांना बोलवायला येतात. दोन हजार पाचला एका खोंडानं त्यांच्या गुडघ्यावर लाथ मारली. ऑपरेशन झालं, पण डॉक्टर म्हणाले की आता तासन् तास उभं राहायचं नाही, आणि बैलाचा धंदा बसून होत नाही. म्हणून काकांनी ठरवलं, रस्त्याचं रान विकायचं आणि भाडं येईल असं काहीतरी घ्यायचं. त्या भाड्यावर घर चालवायचं आणि बाजार सोडायचा. रान एका मंगल कार्यालयवाल्यानं घेतलं.

आण्णा म्हणाले पुण्यात गाळा घे. पण फाट्यावरचा एक जण दुबईत एसी दुरुस्तीला होता, तो सुट्टीवर आला होता आणि त्यानं काकांचं डोकं खाल्लं. "आवो, तिकडं बारा म्हयनं ऊन. गोरी मानसं थंडी चुकवायला येत्यात, फ्लॅट रिकामा ऱ्हातच न्हाई."

काका म्हणाले, "ऊन तर आपल्याकडं बी हाय. हितं कोन येतंय रं चुकवायला?"

"हितं समुद्र कुटं हाय?"

"मंग एसी कशापायी दुरुस्त करतो तू, एवडं चांगलं ऊन आसल तर?"

एसीवाला हसला, आणि काका पण हसले, आणि पंधरा दिवसांनी आम्ही जीपमधून पुण्याला निघालो. काका, आण्णा, एसीवाला, चुलत बहीण आणि मी. मी इंग्रजीसाठी, ती हौसेसाठी. एका मोठ्या हॉटेलात दुबईच्या फ्लॅटांचं प्रदर्शन होतं. एवढं गार की माझ्या हातावर काटा आला. मधे काचेच्या पेटीत बिल्डिंगची छोटी प्रतिकृती, आत दिवे, खाली नखाएवढी झाडं, निळा समुद्र. काका तिच्याभोवती बाजारात बैलाभोवती फिरतात तसे फिरले. मग लंगडा पाय लांब करून खाली वाकले आणि पेटीच्या खालून बघितलं. टायवाला सेल्समन घाबरला, त्याला वाटलं काहीतरी पडलं.

त्या आठवड्यात कुठलाही मजला घ्या, भाव एकच, अशी ऑफर होती. टायवाला म्हणाला, "सर, बाईसवाँ फ्लोअर लीजिए. सी फेसिंग. सुबह उठते ही समुंदर."

"समुंदर का क्या करना? खारा पानी," काका म्हणाले. "रोड टच कौनसा है?"

त्याला रोड टच कळेना. काकांनी हातानं दाखवलं, हा रस्ता, ही जमीन, चिकटून. तो म्हणाला, रोड साइड पण आहे, पण तिकडं कोणी घेत नाही. काकांनी आण्णांकडं बघितलं. दोघांच्या तोंडावर एकच, की ह्या शहरी माणसांना काही कळत नाही.

"आन वर टांगून घेऊ नको," आण्णा म्हणाले. "भुईला धरून घे. सगळ्यात खालचा."

खाली पाच मजले गाड्या लावायचे होते, राहायचे फ्लॅट सहाव्यापासून. काकांनी सहाव्या मजल्यावरचा, रस्त्याच्या अंगाचा धरला. मला खोटं बोलायचं नाही, मला पण ते बरोबरच वाटलं. आमच्या डोळ्यांदेखत मुरमाचं सोनं झालं होतं ते रस्त्यानंच, समुद्रानं नाही. टायवाल्यानं नकाशा दिला, म्हणाला घरी बघा, सोमवारी सही करा. आणि जाताना माझ्याशी हात मिळवला, "तुमची मुलगी इंग्लिश छान बोलते," म्हणाला. काका म्हणाले, "भावाची." चुलत बहिणीनं तोंड फिरवलं. मला लई भारी वाटलं.

ते फाट्यापर्यंत पण टिकलं नाही. जीपमध्ये काका म्हणाले, सही झाली की एकदा जागा बघून यायची, न बघता बाकीचे पैसे द्यायचे नाहीत. इंग्रजी बोलायला कोण लागणार, हे तर उघड होतं.

"तिगं जाऊ," काका म्हणाले. "मी, तुजी आई, आन तू." तू म्हणजे ती.

आण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मी पण दुसऱ्या खिडकीतून बघायला लागले. मगाशी पुण्यातून निघताना आम्ही एका उड्डाणपुलावरून आलो होतो. पुलाला लागूनच बिल्डिंग होती आणि एका खिडकीतली बाई इतकी जवळ की तिच्या हातातलं लाटणं दिसलं. खिडक्या सगळ्या काळ्या, धुरानं. तेव्हा मी ते नुसतंच बघितलं होतं.

दोन दिवसांनी काका नकाशा घेऊन ओट्यावर आले. "सगळं वाच. एक शबूद सोडू नको." मी डिक्शनरी घेऊन बसले. सहावा मजला सापडला, फ्लॅट सापडला, स्वयंपाकघर, संडास, गॅलरी. गॅलरीच्या बाहेर एक तुटक रेघ होती आणि तिच्यावर मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. प्रपोज्ड फ्लायओव्हर. म्हणजे नियोजित उड्डाणपूल, सहाव्या मजल्याच्या गॅलरीसमोरून. मला डिक्शनरी लागली नाही. मला लाटणं दिसलं.

मी बोलणारच होते. देवाशप्पथ सांगते, तोंड उघडलं होतं. तेवढ्यात चुलत बहीण दारात आली. बेल्ह्याच्या बाजारातून काळा गॉगल आणला होता, तो लावून. आणि ती चिडवायला आलेली नव्हती, तेच तर जास्त लागलं. तिनं लई गोड आवाजात विचारलं, "आगं, आमी जाऊ तवा आठ दिस आमच्या शेळ्या बगशील का? बाकी कुनाला नाय त्या धार काढू देत. तुला देत्यात."

काका म्हणाले, "ही तुटक रेघ कशाची गं?"

मी म्हणाले, "रस्त्याची. पुढं रस्ता वाढणार हाय."

"वाढनार?"

"हो. असं लिहिलंय."

काकांचा चेहरा असा उजळला की मला तो बघवेना. "मंग तर झालंच की. आपल्यासारकंच." त्यांनी नकाशाची घडी घातली, छातीशी धरली आणि निघाले. गॉगलवाली मागं वळून म्हणाली, "बगशील ना?" मी म्हणाले, बघीन.

तो शुक्रवार होता. शनिवार गेला, रविवार गेला. मी मनाशी म्हणत होते, टायवाला सांगेलच की, त्याचं काम आहे ते. एसीवाला सांगेल, तो तिथंच राहतो. सोमवारी सकाळी जीप आमच्या दारावरून गेली, काका पुढं बसले होते, पांढरी टोपी कडक. मी हौदाजवळ घागर भरत होते. घागर भरली, वाहायला लागली, मी तशीच उभी. जीप वळणाला गेली.

त्यांचे आठ दिवस मी शेळ्या बघितल्या. तिकडं ते विमानात, आणि इकडं मी धार काढतेय. परत आले तेव्हा सगळं गाव त्यांच्या अंगणात. खजूर वाटला, अत्तर प्रत्येकाच्या मनगटाला लावलं. चुलत बहिणीनं हॉटेलातल्या शाम्पूच्या बोटभर बाटल्या रांगेनं मांडल्या होत्या, नुसत्या बघायला. एका फोटोत ती वाळूत उभी आहे, मागं खांब रोवलेला, आणि काका पावलं मोजतायत. "ही आमची जागा," ती म्हणाली. "अजून बांदायची हाय." काकांनी तिथल्या मुकादमाला पूर्व कुठली विचारलं, तर त्यानं त्यांना नमाजाची, म्हणजे पश्चिमेची दिशा दाखवली, हा किस्सा तिनं त्या दिवशी पाच वेळा सांगितला. पाचही वेळा लोक हसले. मी पाचही वेळा तिच्या नव्या चपलांकडं बघत होते.

मला एक पर्स आणली होती. चांगली होती. ती मी कधीच वापरली नाही, आणि कुणाला दिली पण नाही.

आई खजूर डब्यात भरताना म्हणाली, "आपल्या खारका काय वाईट व्हत्या का?" आणि मग एक तोंडात टाकला, आणि आणखी एक टाकला.

दोन वर्षं असं चाललं. लग्नात, सत्यनारायणाला, कुठंही गेलं की लोक काकांना विचारायचे, "काय पावनं, दुबई कुटवर आली?" आणि काका म्हणायचे, "निम्मी झाली." आण्णांना कुणी विचारायचं नाही. मी त्या दोन वर्षांत पूल विसरले नव्हते, पण त्याचा राग पण त्यांच्यावरच काढत होते. एवढं सगळं मिळालंय ना, मग एक पूल आला तर काय बिघडलं.

ताबा घ्यायला काका आणि काकी दोघंच गेले. आले तेव्हा खजूर आणला, पण वाटायला काकी स्वतः बाहेर आली नाही. काका दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर बसले आणि आण्णांना म्हणाले, "गॅलरीचं दार उगाडलं आन समोर बसगाडी. बसमदला मानूस माज्याकडं बगतोय, मी त्याच्याकडं. हात लांब केला आस्ता तर काच पुसली आस्ती त्याची."

आण्णा म्हणाले, "पूल हाय?"

"पूल. बिल्डिंगच्या संगच बांदला त्यांनी. रोड टच म्हनून घेतला, आता रोड घरात आलाय."

हसायचं होतं दोघांना, पण जमलं नाही. पुढं एक भाडेकरू आला, दुसऱ्या महिन्यात निघून गेला, झोप लागत नाही म्हणाला. नंतरचा नुसता बघून गेला. समुद्राकडचे सगळे भरलेले. विकायचा म्हटलं तर तिथंच मंदी आलेली, रस्त्याकडचा कुणी फुकट घेईना. काकांनी पुलाचं सांगितलं त्याच संध्याकाळी आईनं भाकरीवर तूप वाढलं होतं. सणवार काही नव्हता. मी पण खाल्ली, आणि चव लागली. हे लिहायला मला लाज वाटते, पण लागली.

मग काका परत बाजाराला जायला लागले.

पहिल्या दिवशी मला कळलंच नाही. कॉलेजची एसटी बेल्ह्याच्या अलीकडं थांबली, टेम्पोंची रांग होती, आणि काका एका टेम्पोच्या मागच्या फळीवरून उतरताना दिसले. एक पाय खाली, मग दोन्ही हातानं दुसरा पाय उचलून खाली. उतरल्यावर लगेच चालले नाहीत. फळीला धरून उभे राहिले आणि आजूबाजूला बघितलं, कुणी बघितलं का ते. मी मान खाली घातली.

पुढचे तीन बाजार मी एसटीत त्याच बाजूला बसले. मी काय बघत होते ते मलाच कळत नव्हतं. चौथ्या बाजाराला उतरले.

काका सौदा करत होते. त्यांचा आणि गिऱ्हाइकाचा हात एका टॉवेलखाली, बोटं दाबून भाव चाललेला, तोंडानं दोघं पावसापाण्याचं बोलतायत. मी बैलांच्या मधे उभी राहिले. सौदा काही जमला नाही. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकला आणि मी दिसले.

"काय गं, आण्णानं धाडलं का?"

"नाय. मला सांगायचंय." आणि मग मी जे बोलत सुटले ते एका दमात, नकाशा, रेघ, फ्लायओव्हर, मला माहीत होतं, त्याच दिवशी वाचलं होतं, आणि मुद्दाम सांगितलं नाही, मला दुबईला यायचं होतं म्हणून. सगळं. शेजारी एक माणूस बैलाच्या शिंगाला तेल लावत होता, त्याचा हात थांबला.

काकांनी मला पुरं बोलू दिलं. मग म्हणाले, "मला म्हनली आस्तीस तर नेलं आस्तं."

"म्हणायचं कसं?"

"जशी आत्ता म्हनली तशी."

मला वाटलं होतं मारतील. मारायला पाहिजे होतं. ते खाली बसायला जागा बघत होते, पेंढीवर बसले, गुडघा दोन्ही हातांनी दाबला. "तुज्या बापाला ठावं हाय?"

"नाय."

"मंग ऱ्हाऊ दे. त्यो खालचा घे म्हनला व्हता, तेच त्याला खातंय. तुजं कळलं तर माज्या ओट्याला यायचा न्हाई." एक गिऱ्हाईक आलं तेव्हा उठले, माझ्या खांद्याला धरून उठले, कारण धरायला दुसरं काही नव्हतं. आणि म्हणाले, "जा, तुजी एसटी जाईल."

त्याला आता वर्ष होईल. फ्लॅट अजून आहे. विकला जात नाही. काकांनी घरात कुणाला काही सांगितलं नाही, मला पण परत त्यावरून बोलले नाहीत. सणाला जेवायला येतात, कॉलेजचं विचारतात, सगळं आहे तसं.

गेल्या आठवड्यात दुबईहून बिल्डिंगवाल्यांचं पत्र आलं. पोस्टमननं मीच दारात होते म्हणून माझ्या हातात दिलं. लांबडं पाकीट, चार पानं तरी असतील. काका अंगणात होते, मी नेऊन दिलं आणि तिथंच उभी राहिले. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं. मग घरात तोंड करून हाक मारली. तिला.

ती आली. माझ्याकडं बघितलं, मग काकांकडं. "मी वाचू? आवो हीच हाय की हितं."

"तूच वाच. सावकाश वाच. घाई न्हाई."

ती पायरीवर बसली आणि पाकीट फाडलं. एकेक अक्षर बोटानं धरून वाचायला लागली. चुकत होती, थांबत होती, एका शब्दाला तर तीनदा मागं गेली. काका मान वाकवून ऐकत होते, मधे एकदा पण तिला घाई केली नाही. ती तिसऱ्या ओळीला होती तोवर मी ते सगळं पान वाचून टाकलं होतं, उभ्या उभ्या, उलटं. तिला अडलेला शब्द मला येत होता. कुणी विचारला नाही. दुबई, गॉगल, सायकल, कशाकशाचं मी तिच्यावर जळलेय, पण त्या पायरीवर बसून ती चुकीचं इंग्रजी वाचत होती तेव्हा जेवढी जळाले, तेवढी कधीच नाही.